ग्रंथालयातल्या सेवकांसाठी ट्रेनिंग ठेवायचंय, नेमकं काय शिकवावं?

निर्गमखिडकी

नमस्कार मंडळी, मी पुण्यात पेठेतल्या एका 'अ' वर्ग (सरकारी वर्गवारीत 'अ' सगळ्यात वरचा, 'ड' सगळ्यात खालचा) सार्वजनिक ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. आमच्या कार्यकारिणीने यंदा पहिल्यांदाच सेवकांच्या ट्रेनिंगसाठी थोडे पैसे मंजूर केलेत आणि ते कसं करायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. मला हे मनापासून नीट करायचंय म्हणून इथे विचारतेय.

आमच्याकडे ग्रंथपाल मॅडम (त्या लवकरच रिटायर होतायत), मी, दोन निर्गम सहायक (काउंटरवर पुस्तकं देणारे-घेणारे), एक लिपिक आणि दोन शिपाई. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद) अजून हातानेच लिहितो. कॉम्प्युटरवर एक जुनं सॉफ्टवेअर आहे, त्यात साधारण अर्धी पुस्तकं चढवलेली, पण ती युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखं दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत त्यामुळे दुसऱ्या मशीनवर उघडलं की सगळं चित्रविचित्र दिसतं. आता कार्यकारिणी म्हणते कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे.

याआधी आमच्यातले काही जण एकदोन कार्यशाळांना जाऊन आलेत. दीपप्रज्वलन, सत्कार, मग ज्ञानयुगातील ग्रंथालये या विषयावर भाषण, जेवण, परत भाषण, सर्टिफिकेट. माणसं चांगली होती, भाषणंही चांगली होती, पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसल्यावर काही म्हणजे काहीच बदललं नाही आणि मला ते फार लागतं कारण आमचे लोक शिकायला खरंच तयार आहेत.

तर विचारायचं असं की एक पूर्ण दिवसाची कार्यशाळा घ्यावी का दर आठवड्याला थोडं थोडं? बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा का? शिपायांना बसवावं का (कार्यकारिणीतले काही जण म्हणतात त्यांना काय करायचंय)? आणि ऑनलाइन वेबिनारवर भागेल का?

कोहा_कोथरूड

ताई, मी एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे, आमच्याकडे कोहा बरीच वर्षं चालू आहे आणि आजूबाजूच्या काही सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कोहा फुकट आहे हे खरं, न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररी ट्रस्टसाठी बनवलं गेलं आणि २००० च्या जानेवारीपासून वापरात आहे, तेव्हापासून कोणीही घ्यावं आणि वापरावं असंच आहे. पण फुकट सॉफ्टवेअर म्हणजे सर्व्हर, बॅकअप आणि शिकलेली माणसं हा खर्च तुमचा. तुमच्या कार्यकारिणीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल.

आता ट्रेनिंगचं. बहुतेक ठिकाणी कोहाच्या कार्यशाळेत काय होतं की इंग्रजी पुस्तकाचा डेमो दाखवतात, झेड३९.५० ने (लायब्ररीलायब्ररीत नोंदी देवाणघेवाण करायची पद्धत) अमेरिकेतल्या लायब्ररीतून आयती नोंद ओढून आणतात, सगळे खूश. मग तुम्ही घरी येऊन तुमची मराठी कादंबरी हातात घेता आणि तिची आयती नोंद कुठेच मिळत नाही, सगळं स्वतःच भरावं लागतं, आणि तेच कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून माझं पहिलं म्हणणं, ट्रेनिंगमध्ये तुमच्याच कपाटातली पुस्तकं टेबलावर घ्या. दुसऱ्या कोणाची नकोत.

दुसरं, मराठीचे स्वतःचे प्रश्न आहेत आणि ते कळल्याशिवाय डेटा भरायला बसू नका. 'किनाऱ्यावर' हा शब्द घ्या. यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, एक म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य, आणि दुसरा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे दिसतात पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. एका सेवकाने असं टाइप केलं, दुसऱ्याने तसं, की वाचक ओपॅकवर (वाचकांसाठीच्या कॉम्प्युटरवरच्या पुस्तकयादीत) शोधतो आणि पुस्तक कपाटात असून सापडत नाही. ॲ चंही तसंच, एक अख्खं अक्षर आहे आणि काही जण अ वर वेगळा चंद्र देतात. म्हणून सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा हे पहिल्या दिवशी ठरवा. आम्ही इन्स्क्रिप्ट घेतला, त्यात र च्या की वर शिफ्ट दाबलं की ऱ येतो. आणि जो कोणी कोहा बसवून देईल त्याला विचारा झेब्रामध्ये (कोहातला शोध चालवणारा भाग) आयसीयू इंडेक्सिंग (युनिकोड अक्षरं नीट ओळखणारी शोधसूची) चालू केलंय का, ते नसेल तर देवनागरीचा शोध नीट चालत नाही आणि तुम्हाला वाटत राहतं आपलंच काहीतरी चुकतंय.

तिसरं, लेखकाची नावं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पु. ल. देशपांडे, देशपांडे पु. ल., देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण, तिन्ही तुमच्या जुन्या डेटात असणार, लिहून देतो. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच माणूस, केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले एकच. वाचक कुठलंही नाव टाकेल, त्याला सगळी पुस्तकं दिसायला हवीत. कोहामध्ये यासाठी ऑथॉरिटी नोंदी असतात, एक नाव मुख्य धरायचं आणि बाकीच्यांवरून 'पाहा' द्यायचं. एक अख्खी दुपार फक्त यावर घालवा, सगळ्यांनी मिळून वीसपंचवीस मराठी लेखक घ्या आणि भांडून भांडून ठरवा कुठलं नाव मुख्य. आमच्याकडे टोपणनावांवरून जी चर्चा झाली तितकी रंगलेली चर्चा मी कुठल्या कॉन्फरन्समध्ये ऐकली नाही, आणि त्या दुपारनंतर आमचा लिपिक स्वतःहून जुन्या नोंदी दुरुस्त करायला लागला.

जुन्या फॉन्टमधला डेटा आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून एक्सेलमध्ये काढा, मग मार्कएडिट या प्रोग्रॅमने मार्क फाइल (ग्रंथालयाच्या नोंदींचा ठरलेला फॉरमॅट) करून कोहात चढवता येते. पण हे सगळ्यांना शिकवायची गरज नाही, दोघांना शिकवा. दोघांना म्हणजे दोघांनाच, एकाला नको, एकटा रजेवर गेला की सगळं ठप्प.

देवघेव_वाला

मी काउंटरवर बसणारा माणूस आहे, निर्गम सहायक, पुण्यातच, वेगळ्या ग्रंथालयात. कोथरूडच्या सरांनी लिहिलंय ते बरोबर आहे पण एक राहिलं.

वाचक येऊन कधीच लेखकाचं नाव आणि पुस्तकाचं नाव असं सांगत नाही. तो म्हणतो ते परवा पेपरात आलं होतं ते, किंवा ते शेतकऱ्याच्या मुलावरचं, किंवा आजोबांना वाचायला काहीतरी द्या. मग तुम्ही काय विचारता यावर सगळं असतं. आजोबांना डोळ्यांना त्रास आहे का, मोठ्या टायपातलं पाहिजे का, आधी काय आवडलं होतं, जाड चालेल का हातात धरवत नाही. हे प्रश्न विचारायला कोणी शिकवत नाही, आम्ही आपापलं शिकलो, आणि नवीन मुलं लागतात ती सरळ 'नाही' म्हणून मोकळी होतात कारण त्यांना 'नाही' च्या पुढे काय बोलायचं माहीतच नसतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथनांनी १९३१ सालीच ग्रंथालयाची पाच सूत्रं लिहून ठेवलीत ना, त्यातलं प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक हे सूत्र दर बारा ऑगस्टला ग्रंथपाल दिनाला आपण वाचून दाखवतो, मग ते काउंटरवर करायचं कसं ते पण दाखवा की. दोघं दोघं बसवा, एक वाचक एक सेवक, आणि प्रश्नोत्तरं करून घ्या. पहिल्यांदा लोक लाजतात, नंतर लाजत नाहीत.

शिपायांबद्दल. ताई शिपायांना बसवाच. परत आलेलं पुस्तक कपाटात कोण लावतं? तोच लावतो. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, मग तुमचं कोहा काहीही दाखवू दे. तुमच्याकडे ड्युई नंबर (विषयवार पुस्तकं लावायचे आकडे) असतील तर त्यांना विचारून बघा ८९१.४६३ आधी लावायचा का ८९१.४६१५. बरेच जण म्हणतात ४६१५ मोठा म्हणून नंतर. तो आधी येतो, कारण पॉइंटच्या पुढचा एकेक आकडा बघत जायचं असतं. कागदी चिठ्ठ्यांवर नंबर लिहून टेबलावर क्रमाने लावायला दिले की तासाभरात डोक्यात बसतं. आमच्याकडे ज्यांनी हे एकदा केलं ते मामा आता नवीन ग्रंथपालांनाही चूक दाखवतात.

आणि अजून एक, कळकळीने सांगतो. ट्रेनिंग सेवकांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवू नका. आमची ड्युटी सकाळ संध्याकाळ तुटक असते, दुपारी मधला वेळ असतो त्यात घरची कामं असतात, पगार तुम्हाला माहीतच आहेत. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी द्या, येण्याजाण्याचं भाडं द्या. मग बघा माणूस कसा मन लावून बसतो.

निर्गमखिडकी

देवघेव_वाला दादा, हे सुट्टीचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कार्यकारिणीचा विचार नेमका साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीचाच चालला होता. मी बदली सुट्टीचं लेखी मागते आता.

कोहा सर, ऑथॉरिटीची दुपार ही कल्पना खूपच आवडली, आमच्या ग्रंथपाल मॅडमना मराठी लेखकांची सगळी टोपणनावं तोंडपाठ आहेत, त्या रिटायर व्हायच्या आत ते कुठेतरी उतरायला हवंच.

पोथी_आणि_पाऊस

मी पुस्तकांच्या जतनाचं काम करते. सगळे सॉफ्टवेअरवर बोलतायत म्हणून माझा मुद्दा मांडते, पुण्यातल्या पेठांमधल्या ग्रंथालयात ट्रेनिंग घेणार आणि त्यात पाण्याचा विषय नसणार हे मला पटत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांचं काय झालं ते घराघरात माहितीये. पण पूर यायची गरज नाही, जुन्या वाड्याचं गळणारं छप्पर किंवा वरच्या मजल्यावरचा फुटलेला पाइप पुरतो.

भिजलेल्या पुस्तकाचं पहिल्या दोन दिवसांत काय करता यावर ते वाचणार का जाणार ठरतं, कारण साधारण ४८ तासांनी बुरशी धरायला लागते. आणि लोक घाईत नेमकं नको ते करतात. ओलं पुस्तक जबरदस्तीने उघडतात, पानं फाटतात. कडक उन्हात ठेवतात, बांधणी वाकडी होते. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं बंद ठेवून वाळवतात, ती पानं एकमेकांना कायमची चिकटतात, मग काही करता येत नाही. करायचं असं की पुस्तक उभं करायचं, पंख्याचा वारा खोलीत फिरता ठेवायचा, थोड्या थोड्या पानांनंतर टीपकागद नाहीतर कोरा न्यूजप्रिंट घालायचा (छापलेलं वर्तमानपत्र नको, शाई उतरते) आणि तो ओला झाला की बदलत राहायचा. खूपच पुस्तकं भिजली असतील आणि सगळी एकदम हाताळणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर बुरशी थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो.

हे भाषणातून शिकवू नका. बाद केलेली पुस्तकं असतात ना, त्यातली थोडी घ्या, बादलीत बुडवा आणि प्रत्येकाला एकेक द्या, चारपाच दिवस त्यानेच ते सांभाळून वाळवायचं. हाताने केलेलं विसरत नाही कोणी.

बाकी रोजचं, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं बंद करा, तो पिवळा पडतो, डिंक कागदात उतरतो आणि नंतर काढताना कागदही निघतो. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि पातळ खळ किंवा सीएमसीची (पाण्यात विरघळणारा सेल्युलोजचा डिंक) पेस्ट, एवढंच लागतं, आणि ते शिपाई मामांपासून सगळ्यांना जमतं. कसर आणि वाळवीसाठी आपल्याकडे पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवायची पद्धत होतीच, तीही ठेवा, पण खरं काम कपाट भिंतीपासून थोडं लांब ठेवणं, हवा खेळती ठेवणं आणि महिन्यातून एकदा प्रत्येक फळी हलवून बघणं याने होतं. पुस्तकं जुनी असतील तर भांडारकर संस्थेत एकदा सगळ्यांना घेऊन जा. १९१७ सालची संस्था, त्यांच्याकडच्या ऋग्वेदाच्या हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या जागतिक दस्तऐवजांच्या यादीत नोंद केलीये, ती पोथी कशी ठेवतात ते नुसतं बघितलं तरी आपल्या फळीकडे बघायची नजर बदलते.

मुळशी_वाचनालय

मी मुळशी तालुक्यातल्या एका 'ड' वर्ग वाचनालयात आहे. आमच्याकडे ग्रंथपाल मीच, लिपिक मीच, झाडू मारणारीही मीच. जिल्हा ग्रंथालय संघाचा ग्रंथालय प्रशिक्षण वर्ग केलाय, त्याच्यावरच ही नोकरी मिळाली, त्यात वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांचा कॅटलॉग करणं) सगळं शिकले आणि ते चांगलं होतं.

दोन गोष्टी लिहिते. एक म्हणजे ऑनलाइनला नावं ठेवू नका. तुम्हाला पुण्यात कुठेही दुपारी जाऊन बसता येतं, मला एका दिवसाच्या कार्यशाळेला यायचं तर वाचनालय बंद ठेवावं लागतं आणि सकाळची एसटी चुकली की दिवस गेला. 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवरचे कोर्स, इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या संस्थेचे व्हिडिओ, हे मी रात्री मोबाइलवर बघते, थांबवून थांबवून बघते, परत मागे जाते. अडचण भाषेची आहे, सगळं इंग्रजीत नाहीतर हिंदीत, आणि आपल्या दाखल नोंदवहीचं, परिरक्षण अनुदानाच्या (ग्रंथालय चालवायला सरकारकडून मिळणाऱ्या पैशांच्या) हिशोबाचं, वार्षिक अहवालाचं त्यात काहीच नसतं. ते तर फक्त महाराष्ट्रातलाच माणूस मराठीत सांगू शकतो.

दुसरं म्हणजे कोहा सगळ्यांसाठी नाही. माझ्याकडे एक कॉम्प्युटर आहे, लाइट जाते, सर्व्हर कोण बघणार? मी एक्सेलमध्ये नोंदी करते, पण कोहा सर तुम्ही ते ऱ्या चं लिहिलंत ते वाचून मी आज माझी फाइल उघडली आणि खरंच दोन्ही प्रकार निघाले. म्हणजे उद्या कधी कोहावर गेलेच तर आत्तापासूनच नीट भरलेलं कामाला येईल.

ताई, तुमची कार्यशाळा होईल तेव्हा बाहेरच्या एकदोघांना बसू द्याल का? आणि तुम्ही जे करून घ्याल त्याच्या मराठीतल्या नोट्स, साध्या दोनचार पानी, फोटो काढून इथे टाकल्यात तरी आमच्यासारख्या खूप जणींचं काम होईल. माहिती नसलेल्यांसाठी सांगते, सयाजीरावांनी बडोद्याला १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला, आणि ते सगळं गावोगावच्या वाचनालयांसाठी चाललं होतं. शंभर वर्षांपूर्वी गावाचा विचार झाला होता तर आत्ताही व्हावा एवढंच वाटतं.

अभ्यासिका_तिसरा_मजला

मी सेवक नाही, वाचक आहे, स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय, रोज एका अभ्यासिकेत बसतो. मला दिसत नाही, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो. हा धागा मित्राने पाठवला म्हणून लिहितोय.

ग्रंथालयातले लोक माझ्याशी खूप चांगले वागतात, हात धरून जिना चढवतात, पाणी आणून देतात. पण पुस्तक मागितलं की त्यांना काय करावं कळत नाही. त्यांना एवढं शिकवा की एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो, तो ग्रंथालयातल्या एका कॉम्प्युटरवर टाकून ठेवायचा. सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन ग्रंथालय आहे २०१६ पासून, दृष्टिहीन आणि छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या इतर दिव्यांग वाचकांसाठी, त्याची माहिती काउंटरवर असू दे. आणि पुस्तक स्कॅन करून नुसता फोटोचा पीडीएफ दिला तर स्क्रीन रीडरला तो कोरा कागद असतो, त्याचं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) करावं लागतं, मराठीचं ओसीआर आता बरंच चांगलं होतं, नंतर चुका तपासाव्या लागतात. काही ठिकाणी मला सांगितलं गेलं की कॉपी करून देणं बेकायदेशीर आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दिव्यांग वाचकांसाठी वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायला परवानगी दिलेली आहे, हे सेवकांना माहीत असलं तर आम्हाला प्रत्येक वेळी वाद घालावा लागणार नाही.

ट्रेनिंगला अर्धा तास मला बोलवा, मी लॅपटॉप घेऊन येतो आणि दाखवतो.

निर्गमखिडकी

अभ्यासिका_तिसरा_मजला, अर्धा तास नाही, पूर्ण एक सत्र तुमचंच. व्यनि (खाजगी निरोप) करते.

मुळशी ताई, बसायला नक्की या, दुपारची सत्रं ठेवणार आहे म्हणजे संध्याकाळची एसटी मिळेल. नोट्स मराठीतच करू आणि इथे टाकू.

आता ग्रंथपाल मॅडमशी बोलून असं ठरतंय की एक मोठा दिवस ठेवायचा नाही, दर आठवड्याला एक दुपार, सगळे सातही जण, आणि प्रत्येक दुपारनंतर आठवडाभर तेच काम करायचं. आधी कीबोर्ड आणि ऱ्या, मग लेखकांची नावं, मग नंबर लावणं, मग वाचकाशी बोलणं, मग भिजलेली पुस्तकं (हे पावसाळ्याच्या आत व्हायला हवं, म्हणजे कदाचित आधीच घेऊ). मंजूर पैशातून टिश्यू, टीपकागद, भाडं आणि चहा. बाहेरून येणाऱ्यांना मानधन द्यायचंय, कमी असेल पण देऊ. सत्काराचा खर्च वाचवला तर जमतंय.

कोहा सर, एक विचारायचं राहिलं, जुन्या सॉफ्टवेअरमधून डेटा काढायचाय तर ट्रेनिंगच्या आधी काढू का नंतर?

कोहा_कोथरूड

काढा आधी, पण सगळा नको. आधी अख्ख्या डेटाबेसचा बॅकअप दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या, एक ग्रंथालयाच्या बाहेर कोणाच्या तरी घरी ठेवा. मग फक्त शंभरेक नोंदी काढून कन्व्हर्ट करा आणि पहिल्या दुपारी त्याचे प्रिंट सगळ्यांच्या हातात द्या, शेजारी दाखल नोंदवही आणि ती खरी पुस्तकं. एकेक ओळ तपासू दे, कुठे काय बिघडतंय ते त्यांनाच सापडेल, आणि त्या चुकांची यादी हातात आली की उरलेला डेटा कसा कन्व्हर्ट करायचा ते ठरवता येईल. मी पहिल्या दुपारी येतो, मानधन नको, तेवढे टिश्यू जास्त घ्या.